विरघळणं म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात शहापूरला माझी विज्ञानाची शिकवणी आहे. त्याआधी बरीच वर्षं मराठी माध्यमाच्या हायस्कुलात हाच विषय शिकवला. जांबोटी-खानापूरकडची मुलं येतात, आणि सुट्टीत मामाकडे आलेली अथणी-रायबागची पोरंही येऊन बसतात. सोडायला आलेल्या आया आणि बाप दारात उभे राहून आपापले प्रश्न विचारतात, आणि खरं सांगायचं तर ते प्रश्न पुस्तकातल्यापेक्षा चांगले असतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथं लिहून ठेवले आहेत.

"सर, मीठ विरघळलं म्हणजे गेलं कुठं ओ?"

कुठं जात नाही. माझ्याकडे स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा आहे. त्यावर ग्लास ठेवून १०० मिली पाणी घ्यायचं, म्हणजे १०० ग्रॅम. त्यात ३० ग्रॅम मीठ टाकून ढवळायचं. मीठ दिसेनासं होतं, काटा मात्र १३० दाखवतो. एक ग्रॅमसुद्धा हरवलेला नसतो.

पण आता तेच पाणी मोजपात्रात ओता. ३० ग्रॅम मीठ स्वतः साधारण १४ मिली जागा घेतं, तेव्हा एकूण ११४ भरायला हवं. भरतं १११ च्या आसपास. इथं पोरं डोळे मोठे करतात. वजन तेवढंच, मग जागा कमी कशी?

पाण्याचा रेणू सरळ नसतो, वाकलेला असतो. दोन हायड्रोजनांमधला कोन १०४.५ अंशांचा. त्यामुळे ऑक्सिजनच्या बाजूला थोडा ऋण भार जमतो आणि हायड्रोजनच्या बाजूला थोडा धन. मिठाच्या खड्यात धन भाराचे सोडियम आणि ऋण भाराचे क्लोराइड एकमेकांना धरून बसलेले असतात. पाणी कडेच्या सोडियमला ऑक्सिजनच्या बाजूनं घेरतं, क्लोराइडला हायड्रोजनच्या बाजूनं, आणि एकेकाला ओढून बाहेर काढतं. बाहेर आलेल्या प्रत्येकाभोवती पाण्याच्या रेणूंचं कडं असतं, वरातीत नवऱ्याभोवती असतं तसं. हे कडं नेहमीच्या पाण्यापेक्षा जास्त दाटीवाटीनं उभं राहतं, म्हणून जागा वाचते.

साखरेचं वेगळं. तिचे रेणू तुटत नाहीत, अख्खेच्या अख्खे पाण्यात शिरतात, कारण त्यांच्यावर पाण्याशी हात मिळवायला ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, म्हणजे ओएच गट, भरपूर असतात. नऊ व्होल्टची बॅटरी आणि छोटा एलईडी घेऊन बघा. मिठाच्या पाण्यातून दिवा लागतो, साखरेच्या पाण्यातून लागत नाही. घरच्या प्लगच्या विजेवर हा प्रयोग करायचा नाही. कुणी केला तर शिकवणीला येऊ नये.

विरघळणं आणि वितळणं एकच ना?

नाही. मेण वितळतं, त्याला उष्णता पुरते. मीठ विरघळतं, त्याला दुसरा पदार्थ लागतो. आपल्याकडच्या मुलांचा गोंधळ मला समजतो, कारण कन्नडमध्ये 'करगु' हे एकच क्रियापद बर्फालाही चालतं आणि साखरेलाही. मराठीत दोन शब्द आहेत, पण आपणही बोलताना "बर्फ विरघळला" म्हणतोच. बोलताना चालेल. पेपरात गुण जातात.

किती मीठ विरघळेल याला मर्यादा आहे का?

आहे, आणि त्या मर्यादेलाच विद्राव्यता म्हणतात. काही पुस्तकांत द्रावणीयता असाही शब्द सापडेल. ठरावीक तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात जास्तीत जास्त किती ग्रॅम पदार्थ मावतो, तो आकडा. २० अंश सेल्सियसला मीठ ३६ ग्रॅम, साखर जवळजवळ २०० ग्रॅम, मोरचूद (कॉपर सल्फेट) ३२ ग्रॅमच्या आसपास, आणि विरलेला चुना जेमतेम ०.१७ ग्रॅम. खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ते शुद्ध पाण्याच्या एका लिटरमध्ये पंधरा मिलिग्रॅमसुद्धा जात नाही. 'अविद्राव्य' हा शब्द म्हणून मला फारसा आवडत नाही. थोडं तरी सगळंच विरघळतं, प्रश्न किती हा असतो.

मर्यादा गाठल्यावर (अशा द्रावणाला संपृक्त म्हणतात) तळाशी राहिलेलं मीठ स्वस्थ बसलेलं दिसतं, पण तसं नसतं. जितके कण सुटतात तितकेच परत चिकटत असतात. गर्दीच्या एसटीत प्रत्येक थांब्यावर चार उतरतात नि चार चढतात, तसं.

जोरात ढवळलं तर जास्त विरघळतं का?

लवकर विरघळतं, जास्त नाही. बारीक कुटण्याचंही तेच.

गरम पाण्यात सगळंच जास्त विरघळतं, बरोबर?

पुष्कळसं, पण सगळं नाही, आणि एकाच प्रमाणात तर मुळीच नाही. मीठ जवळजवळ हट्टीच: थंड पाण्यात ३६ ग्रॅम, उकळत्या पाण्यात ३९. साखर मात्र उकळत्या पाण्यात ४८७ ग्रॅमपर्यंत जाते. सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, २० अंशांना ३२ ग्रॅम आणि ६० अंशांना १०६. चुना उलटा चालतो. पाणी तापवलं की तो कमी विरघळतो, आणि निवळी गरम केली तर गढूळ होते.

कारण असं. खडा मोडायला ऊर्जा लागते आणि पाण्याचं कडं बसताना ऊर्जा सुटते. मोडायला जास्त लागली तर पदार्थ उष्णता ओढून घेतो, द्रावण गार पडतं, आणि बाहेरून उष्णता दिली की जास्त विरघळतो. युरिया बादलीत टाकून हात बुडवलेल्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. उन्हाळ्यातही बादली गार लागते.

पाक साखरतो तो का?

हा प्रश्न दिवाळीच्या आधी येतो, आणि विचारणाऱ्या मुली नसतात, त्यांच्या आया असतात.

पाकात साखर मर्यादेच्या आसपास असते. पाणी आटत जातं, मग पाक निवतो आणि मर्यादा खाली येते. आता पाण्यात मावते त्यापेक्षा जास्त साखर आत अडकलेली असते. अशा द्रावणाला अतिसंपृक्त म्हणतात. ते टेकू नसलेल्या मांडवासारखं असतं. पातेल्याच्या कडेला चिकटलेला एक कोरडा दाणा आत पडला की साखर त्याच्यावर जमायला लागते आणि बघता बघता सगळा पाक खरखरीत होतो. म्हणून कडा ओल्या फडक्यानं पुसायच्या आणि निवताना चमचा घालायचा नाही. लिंबू पिळतात ते चवीपुरतं नाही. आंबटपणामुळे थोडी साखर फुटून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि हे पाहुणे रांगेत घुसले की साखरेच्या रेणूंना नीट ओळीत बसता येत नाही.

गुऱ्हाळात नेमकं हेच उलट्या हिशेबानं चालतं. उसाचा रस आंबला की त्यातली साखर आपोआप फुटते आणि गूळ चिकट, मऊ होतो. रसात चुन्याची निवळी घालतात ती आंबटपणा मारायला आणि मळी वर आणायला. गुळव्या काहिलीतला थेंब गार पाण्यात टाकतो आणि बोटांनी त्याची गोळी होते का बघतो. काहील तेव्हा ११८ अंशांच्या आसपास असते. थर्मामीटरशिवाय त्याचा अंदाज दोन अंशांनीसुद्धा चुकत नाही असं आमचे आजोबा म्हणायचे. आजोबांच्या बोलण्यातून थोडं वजा करायला हरकत नाही, पण गूळ चांगला व्हायचा एवढं खरं.

तिखट लागलं की पाणी पिऊन काहीच का होत नाही?

संकेश्वरी मिरचीचा झणका ज्या कॅप्सेसिनमुळे असतो, ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, तेला-तुपात विरघळतं. पाणी प्यायलं की ते तोंडभर पसरतं. दूध किंवा दही घ्या. त्यातली चरबी आणि केसीन हे प्रथिन त्याला धरून खाली नेतात. मिसळीच्या कटाचा लाल रंग वर तेलातच का तरंगतो, याचंही उत्तर हेच. कपड्यावर पडलेली हळद नुसत्या पाण्यानं जात नाही, तिचंही तेच. सारखं सारख्यात विरघळतं हा नियम ढोबळ आहे, पण स्वयंपाकघरात क्वचितच दगा देतो.

ठिबकमधून सोडायची विद्राव्य खतं एकाच टाकीत मिसळली तर चालतात का?

विद्राव्यता हा शब्द नववीच्या पोराला येत नसेल, पण त्याच्या बापाला येतो. दुकानात 'विद्राव्य खतं' अशी पाटीच असते.

माझ्या मेहुण्याचा मळा रायबागकडे आहे. एका सकाळी त्यानं दोनशे लिटरच्या टाकीत आधी कॅल्शियम नायट्रेट घातलं. ते झकास विरघळलं, पाणी काचेसारखं. मग म्हणाला, एकाच फेरीत उरकू, आणि वर १२:६१:०० हे फॉस्फेटवालं खत ओतलं. दोन्ही पिशव्यांवर शंभर टक्के विद्राव्य लिहिलेलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. पण टाकीत पाण्याचं ताक झालं. कॅल्शियमला फॉस्फेट भेटलं आणि कॅल्शियम फॉस्फेट तयार झालं. त्याला पाण्यात थारा नाही. मोटर चालू राहिली. दुपारी मी गेलो तेव्हा तो ठिबकच्या नळीवर, म्हणजे लॅटरलवर, उकिडवा बसून टाचणीनं एकेक ड्रीपर खरवडत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता.

म्हणून कॅल्शियम नायट्रेट नेहमी एकटं सोडायचं. फॉस्फेटवालं खत नको, आणि सल्फेटवालंही नको: ००:००:५० (पोटॅशियम सल्फेट) किंवा मॅग्नेशियम सल्फेट मिसळलं तर जिप्सम धरतं. शंका असेल तर आधी काचेच्या बाटलीत दोन्हींचं थोडं थोडं पाणी एकत्र करून तासभर ठेवा. गढूळ झालं तर टाकीतही होणार.

मग बोर्डो मिश्रणात, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकात, साका धरतो तो वाईट का नाही?

कारण तिथं साकाच हवा असतो. मोरचुदाचं निळं पाणी पानावर मारलं तर पान करपेल आणि पहिल्या सरीनं उरलेलं धुऊन जाईल. चुन्याशी मिसळलं की तांबं न विरघळणाऱ्या आकाशी साक्यात जातं, पानाला चिकटून बसतं आणि थोडं थोडं सुटत राहतं. एक टक्क्याचं करायचं तर १०० लिटरला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवायचे. नंतर चकचकीत लोखंडी सुरी बुडवून बघायची. तिच्यावर तांबूस थर आला तर विरघळलेलं तांबं अजून शिल्लक आहे, चुना वाढवा. अथणीकडचे द्राक्षवाले ही सुरीची परीक्षा नीट करतात. ती प्रयोगशाळेतल्या परीक्षेइतकीच शास्त्रीय आहे.

खानापूरला साबणाला फेस येतो, अथणीला येत नाही. एकाच जिल्ह्यात असं का?

माझा सर्वांत आवडता प्रश्न. त्याचं उत्तर द्यायला मी तास मोडतो.

पावसाचं पाणी खाली येताना हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. असं पाणी कॅल्शियम कार्बोनेटला बायकार्बोनेटमध्ये बदलतं, आणि बायकार्बोनेट शुद्ध पाण्यातल्या खडूपेक्षा कितीतरी जास्त विरघळतं. आता मलप्रभा जिथं उगवते त्या कणकुंबीकडे बघा. तिथं पाऊस इतका की लाखो वर्षांत दगडातलं जे जे विरघळण्यासारखं होतं, कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि बरीचशी सिलिकासुद्धा, ते सगळं धुऊन नेलं गेलं. मागं राहिलं ते न विरघळणारं लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम. तोच आपला जांभा. खानापूर भागातल्या घरांच्या तांबड्या चिऱ्यांकडे बघताना लक्षात ठेवा, हा पावसानं गाळून उरलेला चोथा आहे. अशा जमिनीतून आलेल्या पाण्यात विरघळायला फारसं काही उरलेलंच नसतं, म्हणून ते मऊ.

अथणीकडे पाऊस थोडका आणि ऊन कडक. पाणी माती धुऊन नेण्याइतकं पडतच नाही. काळ्या रानात चुनखडीचे खडे नांगराला लागतात. बोअरचं पाणी तळात मुरून राहतं आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन वर येतं. ते कठीण पाणी. साबण त्याच्याशी आधी पांढरी चिकट साय करतो, फेस मागाहून. डाळ शिजत नाही, कारण कॅल्शियम डाळीच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला आणखी घट्ट करतं. बंबात पाणी तापलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, बायकार्बोनेटचं परत कार्बोनेट होतं आणि आतून पांढरा थर धरतो. गाळलेलं चिंचेचं पाणी किंवा लिंबूसत्व घालून रात्रभर ठेवा, फसफसून सुटेल. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत. विरघळलेल्या एकूण क्षारांसाठी हेच आकडे ५०० आणि २००० आहेत.

जांभ्यात अ‍ॅल्युमिनियमचं प्रमाण फार वाढलं की त्याला बॉक्साइट म्हणतात. त्यातून अ‍ॅल्युमिना काढायचा कारखाना बेळगावातच, यमनापूरला आहे. तिथली युक्ती पुन्हा विद्राव्यतेचीच. १८८८ साली कार्ल जोसेफ बायर यांनी शोधलेल्या पद्धतीनं बॉक्साइट दाबाखाली गरम कॉस्टिक सोड्यात घालतात. अ‍ॅल्युमिना विरघळतो, लोखंड विरघळत नाही. ते लाल चिखल होऊन मागं राहतं. मग द्रावण थंड करून त्यात तयार स्फटिकांचं बी टाकतात आणि हायड्रॉक्साइड खाली बसतं. पाक साखरतो तोच हा प्रकार, फक्त मुद्दाम केलेला.

कृष्णाकाठच्या रानाला मीठ का फुटतं?

पाटाचं पाणी वर्षानुवर्षं जास्त दिलं की जमिनीतली पाण्याची पातळी वर येते. ते पाणी खालचे क्षार विरघळवून मुळांपर्यंत आणतं. ऊन पाणी उचलून नेतं, क्षार उचलता येत नाहीत. ते वर पांढरे दिसतात. आधी निचरा काढायला हवा, नाहीतर क्षार जायचे कुठं? चोपण, म्हणजे सोडियम साचून घट्ट झालेल्या, जमिनीला जिप्सम देतात, पण जिप्सम लिटरभर पाण्यात दोन-अडीच ग्रॅमच विरघळतं, तेव्हा वरवर फेकून आठ दिवसांत फरक बघायला जाऊ नका. मातीत मिसळा आणि पाणी खालून निघून जाईल अशी सोय करा.

पाणी उकळलं तर क्षार जातात का? तुरटीनं जातात का?

उकळल्यानं जंतू मरतात आणि कठीणपणाचा एक भाग थर होऊन बसतो. मीठ, फ्लोराइड, नायट्रेट जात नाहीत. पाणी आटल्यामुळे उलट दाट होतात. तुरटी फक्त तरंगता गाळ गोळा करून खाली बसवते. विरघळलेलं गाळणीतूनही सुटतं आणि तुरटीतूनही. पाणी नितळ दिसतंय यावर जाऊ नका, मिठाचं पाणीही नितळच दिसतं.

शाडूची मूर्ती विरघळते, प्लॅस्टरची नाही, असंच ना?

अर्धं बरोबर. खरं तर शाडूही विरघळत नाही. माती भिजून सुटी होते आणि तळाला बसते, दुसऱ्या दिवशी बादलीच्या बुडाशी हात घातला की सापडते. प्लॅस्टर पाण्याशी मिळून जिप्सम झालेलं असतं आणि जिप्सम, वर म्हटलं तसं, फार थोडं विरघळतं. पाच किलोची मूर्ती पूर्ण विरघळायला हिशेबानं दोन हजार लिटरहून जास्त पाणी लागेल, आणि वर रंगाचा थर असतोच. कपिलेश्वर तलावात तर मूर्तींची रांग लागते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं अमोनियम बायकार्बोनेटचा मार्ग दाखवला आहे. त्यातही मूर्ती 'विरघळत' नाही, रासायनिक क्रिया होते: कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं आणि अमोनियम सल्फेट पाण्यात उतरतं. ते पाणी पातळ करून झाडांना घालता येतं. आम्ही घरी शाडूची आणतो.

हवा पाण्यात विरघळते म्हणजे काय?

चहाचं आधण उकळण्याआधीच पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे दिसतात, ती विरघळलेली हवा. वायूंचं गणित उलटं असतं: पाणी जितकं गरम, तितका वायू कमी. २० अंशांच्या लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. उन्हाळ्यात साचलेल्या डोहात मासे तोंड वर काढतात ते यामुळे. गोटी सोडा गरम झाला की फसकन उडतो, कारण तेच.

परीक्षेत सगळे कुठं चुकतात?

एका ठिकाणी. ३६ ग्रॅम मीठ १०० ग्रॅम पाण्यात, म्हणून ३६ टक्के द्रावण, असं लिहून येतात. द्रावण १३६ ग्रॅम झालं ना? ३६ भागिले १३६, म्हणजे साडेसव्वीस टक्के. विद्राव्यता पाण्यावर मोजतात, टक्केवारी द्रावणावर. आणि ६० अंशांचं सोऱ्याचं संपृक्त द्रावण २० अंशांपर्यंत निववलं तर १०६ वजा ३२, म्हणजे ७४ ग्रॅम स्फटिक खाली. पण पाणी १०० ग्रॅम घेतलं असेल तरच. ५० घेतलं तर ३७.

विरघळलेलं मीठ परत मिळेल का?

मिळेल. पसरट ताटलीत मिठाचं पाणी घेऊन गच्चीवर ठेवा. एप्रिलच्या सुट्टीत अथणीच्या एका पोरानं सकाळी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी कागदात पुडी बांधून मीठ घेऊन आला. छोटे चौकोनी दाणे, भिंगातून बघावेत असे. जांबोटीच्या मुलीनं ऐकून तोच प्रयोग जुलैत केला, पडवीत. आठ दिवसांनी ताटलीत पाणी आधीपेक्षा जास्त होतं.

"सर, पाऊस आत नाही आला ओ, मी बघितलंय," ती म्हणाली.

खरंच आला नव्हता. दमट हवेतली वाफ मिठाच्या दाट पाण्यानं ओढून घेतली होती. तिच्या आजीनं मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे का टाकले होते, ते तिनं मला उलट समजावून सांगितलं.